जुनं नाव कंसात

आमच्या ऑफिसात प्रोग्राम मोठ्याने वाचणारी एकच व्यक्ती होती आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर मी अकरा वर्षं काढली. पहिल्या आठवड्यात कानात बोळे घालायचा विचार केला होता. पुढे सवय झाली, आणि वर्षभरात तर मला माझ्याच ओळी मठपतीबाईंच्या आवाजात ऐकू यायला लागल्या. "हा गडी आला. ह्याच्या हातात डिस्कचा नंबर दिला. आता हा विचारून राहिला, डिस्क हाय का न्हाई. न्हाई म्हटलं तर हा कुठं जाणार? कुठंच न्हाई, दारातच उभा. शेटे, ह्या गड्याला वाट दाखवा." एवढं कानावर पडलं की माझ्या प्रोग्रामात चूक सापडली असं समजायचं आणि गुपचूप खुर्ची पुढे ओढायची.

मी समजावायला जायचो की बाई, मला तिथं असं असं म्हणायचं होतं. त्या हात वर करून मला थांबवायच्या. "तुम्हाला काय म्हणायचं होतं ते घरी सांगा. कागद काय म्हणतो ते बघा." स्क्रीनला त्या शेवटपर्यंत कागदच म्हणत राहिल्या. हे वाक्य माझ्या अंगात इतकं मुरलं की दहावीच्या मार्कांवरून आमची मुलगी हुज्जत घालायला लागली तेव्हा माझ्या तोंडून तेच निघालं. तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

लातुरात औसा रोडला टायरच्या एका दुकानावर आमची कंपनी होती. आम्ही पेट्या बनवायचो. पेटी म्हणजे माहिती साठवून ठेवणारं यंत्र. आत डिस्का, खाली बॅटरी, आणि सगळ्याला चालवणारी आमची स्वतःची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम. दवाखाने, बाजार समित्या, पालिका असली आमची गिऱ्हाइकं. लाईट गेली तरी पेटी बॅटरीच्या जोरावर राहिलेलं सगळं लिहून घेते आणि मगच झोपते, अशी आमची शेखी. आमच्याकडे लाईट जायची पक्की खात्री असल्यामुळे ती खपायचीही. बाई चाचणीच्या प्रमुख होत्या. त्यांनी पास म्हटल्याशिवाय पेटी जिना उतरत नसे, मग खाली टेम्पो उभा असो की खुद्द मालक.

दिसायला बाई लहानखुऱ्या. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, अंगावर सुती पातळ आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांवरून कुणी चिडवलं तर म्हणायच्या, मला चालायचं असतं, दाखवायचं नसतं.

लोक म्हणतात, बाई हेकट होत्या. होत्या. हेकटपणा काढून घेतला असता तर बाईंचं काय उरलं असतं, ते या लोकांनी मला सांगावं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा त्या उदगीरकडे एका कचेरीत नव्यानं लागलेल्या कारकून होत्या, शिक्षण बारावी. काही वर्षांनी त्या कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला. दोन महिने त्याच्यावर कापड टाकून ठेवलं होतं, कारण हात लावल्यावर बिघडला तर जबाबदार कोण, ते ठरत नव्हतं. बाईंनी एका दुपारी कापड काढलं, नीट घडी घालून खिडकीत ठेवलं आणि बसल्या. साहेबांनी विचारलं, कुणाच्या परवानगीनं? बाई म्हणाल्या, काढू नका असं कापडावर कुठं लिहिलेलं न्हाई. तिथून पुढे जे काही शिकल्या ते असंच, कुणाला न विचारता. सरकारी नोकरी सोडून त्या आमच्याकडे आल्या तेव्हा आमच्यातल्या निम्म्या इंजिनियरांना शिकवू शकत होत्या, आणि कुणी विचारो न विचारो, शिकवायच्याही.

भोकरच्या एका दवाखान्याला पेटी द्यायची होती. उद्घाटनाचे फुगे लागले होते, पाहुणे ठरले होते, आणि बाईंनी पेटी अडवून धरली. म्हणाल्या, इथं लाईट एकदम जाते, तिकडं आधी मंद होते, लुकलुकते आणि मग जाते, त्याची चाचणी झालेली न्हाई. मालकांनी हात टेकले. शेवटी बाईच पेटी मांडीवर घेऊन एसटीनं भोकरला गेल्या, दवाखान्याच्या मागच्या खोलीत दिवसभर लाईट जायची वाट बघत बसल्या, आणि तीनदा लाईट जाऊन आल्यावर फोन केला की आता तुमच्या पाहुण्यांना बोलवा. पाहुणे तोवर जेवून निघून गेले होते.

रेल्वेनं लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यातही त्या तशाच होत्या. आमचे मालक कोटलवारसाहेब मूळचे नायगावकडचे, माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऑफिसला खासगी टँकर लावला होता. गच्चीवरची टाकी भरायची आणि खालच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन कोरड्या नळाशी बसायच्या. बाई आठ दिवस घरून बाटली आणून प्यायल्या, ऑफिसच्या पाण्याला हात लावला नाही. नवव्या दिवशी त्यांनी वॉचमनला हाताशी धरून टाकीला पाइप लावला आणि तो जिन्यातून खाली सोडला. साहेब धावत आले. बाई पाइप धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "वर तेवीस माणसं हात धुऊन राहिली, खाली साठ घरं हायेत. तुम्ही तुमच्या हातानं बंद करा, मी करणार न्हाई." साहेबांच्या हातून ते झालं नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या जिन्यात कायम ओल असायची आणि आम्ही आळीपाळीनं घसरायचो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगतो. तीही त्याच उन्हाळ्यातली.

एका पालिकेत टँकरच्या खोलीत आमची पेटी बसवली होती. कुठल्या गल्लीत पाणी पोचलं आणि कुठल्या गल्लीची पाळी आहे, हे तिच्यात लिहिलं जायचं. एका दुपारी लाईट गेली, पेटी झोपली, आणि उठली तेव्हा शेवटच्या दोन तासांच्या नोंदी तिच्यात नव्हत्या. ज्या गल्लीत पाणी पोचलं होतं ती पेटीच्या लेखी कोरडीच होती, म्हणून तिथं टँकर दुसऱ्यांदा गेला. जिची पाळी होती ती गल्ली तशीच राहिली. तिथल्या बायांनी दुसऱ्या दिवशी रिकाम्या घागरी आणून पालिकेच्या पायऱ्यांवर मांडल्या. उन्हात बसून बसून त्यांच्यातली एक म्हातारी पायरीवरच चक्कर येऊन पडली.

त्या पेटीतल्या डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे थेट डिस्कशी बोलणारा प्रोग्रामचा भाग, रुखसानानं लिहिला होता. रुखसाना नांदेडची. वडील शिंपीकाम करायचे, घरातली ती पहिलीच इंजिनियर, आणि आमच्याकडे लागून तिला जेमतेम सात महिने झाले होते.

थोडं तांत्रिक सांगावं लागेल, त्याला इलाज नाही. डिस्कच्या आयुष्यात चार प्रसंग येतात. ती जोडली जाते, जागी होते, झोपायच्या बेतात येते आणि शेवटी जाते. अशा प्रत्येक प्रसंगी आमची सिस्टिम ड्रायव्हरला हाक मारायची. या हाकांना कॉलबॅक म्हणतात. आमच्या चार हाकांची नावं होती ओपन, स्टार्ट, स्टॉप आणि क्लोज. स्टॉपची हाक यायची तेव्हा डिस्क अजून जागी असायची. राहिलेलं लिखाण तेव्हाच उरकायचं. क्लोजची हाक यायची तेव्हा डिस्कची वीज तुटलेली असायची. मागची आवराआवर तेवढी करायची. पण हे कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं. रुखसानानं नावं वाचली. तिला वाटलं, बंद करण्याच्या वेळी शेवटचं लिहायचं. तिनं ते लिखाण क्लोजमध्ये ठेवलं, म्हणजे गेलेल्या डिस्कवर ती लिहीत बसली. आमच्याकडच्या जुन्या डिस्कांना पुरतं बंद व्हायला दोन सेकंद लागायचे आणि तेवढ्यात लिखाण उरकायचं, म्हणून चाचणीत बाईंच्याही लक्षात आलं नाही. पालिकेतली डिस्क नवी होती. ती झटक्यात गेली.

ही चार नावं मी ठेवली होती. बाई यायच्या आदल्या वर्षी, एका दुपारी, दहा मिनिटांत. माझ्या डोक्यात मुरुडचं आमचं किराणा दुकान होतं. वडील आतलं सगळं आवरायचे, बाहेर येऊन शटर ओढायचे, कुलूप लावायचे, आणि मग आम्ही म्हणायचो दुकान बंद झालं. क्लोज म्हणजे शटर पडल्यानंतरचं, हे मला इतकं उघड वाटलं की दोन ओळी लिहून ठेवायचंही सुचलं नाही. कुणी विचारलं तर मी तोंडी सांगायचो. आज हे सगळं मी सरळ सांगतो आहे. तेव्हा मी ब्र काढला नाही.

साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. पालिकेला द्यायचं उत्तर त्यांनी टाईप करूनच आणलं होतं. एका नवीन कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हा प्रकार घडला, तिनं चूक कबूल केली आहे आणि तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. खाली रुखसानाची सही हवी होती. ती कागदाकडे बघत होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी तिनं पेन उचललं. बाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"हिची सही मिळणार न्हाई," त्या म्हणाल्या. "हिनं जे वाचलं ते लिहिलं. नाव खोटं बोललं आणि पेटी मी पास केली. हिचा काय संबंध?"

साहेब म्हणाले, याच नावांवर आजवर एवढे ड्रायव्हर लिहिले गेले, ते कसे चालले? बाई म्हणाल्या, ते लिहिणारे एकमेकांना तोंडी विचारून लिहायचे. ही नवी, हिनं कागदावर भरवसा ठेवला. कागद वाचणाऱ्याला शिक्षा देणार असाल तर उद्यापासून कुणी वाचणार न्हाई.

मग साहेबांनी साहजिकच विचारलं, "ही नावं मुळात ठेवली कुणी?"

बाईंना माहीत होतं. फायलीच्या डोक्यावर माझं नाव होतं आणि बाईंनी ती फाइल शंभर वेळा वाचली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "ज्यानं ठेवली त्याला तोंड हाय. त्याचं तो बोलल."

मी खिडकीतून खाली बघत राहिलो. खाली एक माणूस टेम्पोचं चाक बदलत होता, त्याचे नट किती होते ते मला अजून आठवतं. तेव्हा गप्प बसण्याची मला बरीच कारणं सुचली होती. त्यातलं एकही आज आठवत नाही. शेवटी साहेबांनी सहीसाठी आठवड्याची मुदत दिली आणि बैठक मोडली.

जेवणाच्या सुट्टीत रुखसाना रडली. बाईंनी डब्यातली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिच्यापुढे ठेवली, आधी खायला लावलं आणि मग नव्या जिल्ह्याची गोष्ट सांगितली. मी शेजारीच बसलो होतो. गोष्ट मला सांगितलेली नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

जिल्हा नवा झाला, पण कचेरीतले छापील अर्ज जुनेच होते, त्यांच्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव. गठ्ठे संपेपर्यंत तेच वाटा, असं हेडक्लार्कनं सांगितलेलं. देवणीकडची एक म्हातारी आली, अर्धं कानडी आणि अर्धं मराठी बोलणारी. बाईंनी तिला अर्ज भरून दिला आणि सांगितलं, हा जिल्ह्याला नेऊन दे. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं स्टँडवर कंडक्टरला कागद दाखवला. त्यानं जिल्ह्याचं नाव वाचलं आणि इमानानं तिला उस्मानाबादच्या गाडीत बसवून दिलं. तिकडच्यांनी सांगितलं, अव्वा, तुझा जिल्हा आता लातूर. तिसऱ्या दिवशी ती बाईंच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. तिचे पाय सुजले होते. हेडक्लार्क म्हणाला, हिनं नीट विचारायला नको का. दुसरा म्हणाला, कंडक्टरला अक्कल नाही.

"तेव्हा मी वीस वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "म्हातारी बरोबर होती, कंडक्टर बी बरोबर होता. चूक कागदाची होती, आणि कागद मी दिला होता."

त्या दिवसानंतर बाईंनी जुना अर्ज तसाच कुणाला दिला नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत गठ्ठा घेऊन बसायच्या. जुन्या जिल्ह्याचं नाव एका रेघेनं खोडायचं, वर नवं लिहायचं आणि जुनं कंसात ठेवायचं, 'पूर्वीचा' असं म्हणून. कंस अशासाठी, की जुनं नाव धरून शोधत येणाराही चुकू नये. वर्षभर ठेवायचा आणि सगळ्यांच्या डोक्यात नवं नाव बसलं की काढून टाकायचा. छापील कागदावर परवानगीविना खाडाखोड केली म्हणून हेडक्लार्कनं त्यांना मेमो दिला. मेमोवर जुन्याच जिल्ह्याचं नाव होतं. बाईंनी ते खोडलं, नवं लिहिलं, जुनं कंसात घातलं आणि मेमो परत पाठवला.

रुखसाना रडता रडता हसली. हसताना तिला ठसका लागला आणि बाईंनी तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. चारही हाकांची नावं बदलायची. साहेब म्हणाले, गिऱ्हाइकांकडे चाळीसएक ड्रायव्हर जुन्या नावांवर चालतात, उद्या सगळ्या पेट्या बंद पडतील. बाई म्हणाल्या, एकही पडणार न्हाई. नवं नाव वर राहील आणि जुनं कंसात. जुन्या नावानं येईल त्याचंही काम होईल, फक्त त्याला दर वेळी एक ओळ वाचायला मिळेल की बाबा, नाव बदललंय. वर्षभरानं कंस काढू. साहेबांना यात नाही म्हणण्यासारखं काही सापडलं नाही.

नवी नावं बाईंनीच ठेवली. इंग्रजीतच होती, पण बाई ती आपल्या बोलीत म्हणायच्या आणि आम्हालाही तशीच पाठ झाली. डिस्क जोडली, डिस्क जागी झाली, डिस्क झोपणार हाय, डिस्क गेली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की त्या घडीला डिस्क हाय का न्हाई, हे नाव वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, मग तो नांदेडचा असो की मुरुडचा. मुरुड म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या की नव्हत्या, मी मान वर करून पाहिलं नाही. आठवडाभर रुखसाना, बाई आणि मी फाइली बदलत होतो. माझ्या वाट्याचे ड्रायव्हर मी झटझट उरकले. शेवटच्या दिवशी पालिकेतल्यासारखीच नवी डिस्क लावून बाईंनी स्वतःच्या हातानं तीस वेळा वायर उपटली. तिसाव्या वेळीही एक नोंद हरवली नाही. बाईंनी 'पास' म्हटलं आणि रुखसानानं त्यांचे पाय धरले, तेव्हा त्या रागावल्या.

खरं भांडण त्यानंतर झालं. प्रत्येक बदलाबरोबर गिऱ्हाइकांना एक कागद जायचा. काय बदललं, कशामुळे बदललं, खाली चाचणी प्रमुखाची सही. 'कशामुळे'च्या रकान्यात बाईंनी लिहिलं होतं: जुन्या नावांवरून डिस्क कधी जाते हे कळत नव्हतं, त्यामुळे नोंदी गेल्या, ड्रायव्हर लिहिणाऱ्याची यात चूक नाही, चाचणीत हे माझ्या लक्षात आलं नाही.

साहेबांनी कागद वाचला आणि बाईंना आत बोलावलं. काचेच्या भिंतीमुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. साहेब म्हणत होते, नावं बदलली, माझी हरकत नाही, पण ही ओळ काढा. 'सुधारणा' एवढं लिहा. ही ओळ पालिकेनं वाचली तर कंपनीच काळ्या यादीत जाईल, तेवीस घरं बसतील. त्या पोरीनं सही केली तर एकच जागा जाते. साहेबांचं म्हणणं ऐकून मला ते पटलं होतं, हे मी लपवत नाही.

"सुधारणा म्हणजे काय, साहेब? आधी बिघडलं होतं, म्हणूनच ना?" बाई म्हणाल्या. "ती म्हातारी पायरीवर पडली. तिला आपण कुणाचं नाव सांगायचं, ह्या पोरीचं? मी न्हाई सांगणार."

साहेब म्हणाले, एक तर ओळ जाईल, नाहीतर तुम्ही. बाई बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या, सही केली, तारीख घातली आणि कागद सगळ्या गिऱ्हाइकांना धाडून दिला. तो अधिकार त्यांचा होता आणि अजून काढून घेतलेला नव्हता. मग त्यांनी राजीनामा लिहायला घेतला. साहेब घाम पुसत मागे येऊन उभे राहिले. प्रकृतीच्या कारणास्तव असं लिहा, म्हणजे मला अनुभवाचं पत्र देता येईल, असं म्हणाले. आवाज मऊ होता, त्यांनाही वाईट वाटत होतं. बाई म्हणाल्या, माझी प्रकृती ठणठणीत हाय. आणि खरं कारण लिहिलं. साहेबांनी पत्र दिलं नाही. "अनुभव माझ्याकडं हाय," बाई म्हणाल्या, "पत्र तुमच्याकडं राहू द्या." चोपन्नाव्या वर्षी, तशा उन्हाळ्यात, हातात काही नसताना त्या जिना उतरून गेल्या. त्या ओल्या जिन्यावर त्या तेवढ्या कधी घसरल्या नाहीत.

पालिकेनं आम्हाला काळ्या यादीत टाकलं नाही. त्यांनी कागद फायलीला लावला आणि पेटी ठेवून घेतली. रुखसानाची सही मागायला साहेब पुन्हा आले नाहीत, कारण खरं कारण सगळीकडे पोचलं होतं.

शेजारची खुर्ची रिकामी झाली. मी माझे प्रोग्राम पुटपुटत वाचायला लागलो आणि लोक माझ्याकडे बघायला लागले.

वर्ष उलटलं आणि कंस काढायची वेळ आली. ते काम माझ्याकडे होतं. जुनी चार नावं काढली की त्या फायलीचं डोकंही जाणार होतं, आणि त्याच्याबरोबर ती नावं कुणी ठेवली होती हेही. मी कायमचा सुटणार होतो. मी फाइल उघडली. मग गिऱ्हाइकांना पुन्हा धाडायला वर्षापूर्वीचाच बदलाचा कागद काढला आणि बाईंच्या ओळींच्या खाली लिहिलं: ही नावं मी ठेवली होती. खाली सही केली. साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, जाऊ द्या हो शेटे, आता कशाला उकरून काढता. रुखसानाला दाखवलं. ती हळूच म्हणाली, "मला म्हाईत होतं, सर. फायलीवर तुमचं नाव होतं." मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, बैठकीच्या आधीपासून. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही, आणि जाऊ नये.

बाई तोवर नांदेडला होत्या. वजिराबादेत एका जिन्यावरच्या खोलीत मुलींना प्रोग्रामिंग शिकवत होत्या. अनुभवाचं पत्र तिथं कुणी विचारलं नव्हतं. कागद गिऱ्हाइकांना पाठवण्याआधी त्यांना दाखवावा म्हणून मी रविवारी सकाळी गेलो. दहाबारा मुली बाकांवर बसल्या होत्या. बाईंनी मला दारातच थांबवलं, हातातला खडू ठेवला आणि चष्मा लावून कागद वाचला.

रस्ताभर मी ठरवत आलो होतो की त्या काय म्हणतील. बरं केलंत म्हणतील. नाहीतर चिडतील, आणि तेही मला चाललं असतं.

"हे कधी लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मागच्या आठवड्यात.

"मग असं का दिसून राहिलंय, की माझ्याबरोबरच लिहिलं होतं?"

मी कागद बघितला. त्यांच्या सहीखाली तारीख होती, माझ्या सहीखाली नव्हती. मी ती मुद्दाम गाळली होती का? खरं सांगतो, मला माहीत नाही. बाईंनी एका मुलीकडून पेन मागून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. मी भिंतीला कागद टेकवून तारीख टाकली. वरच्या तारखेत आणि खालच्या तारखेत एक वर्ष आणि एक महिना होता, आणि आता तो कुणालाही दिसला असता.

बाईंनी दोन्ही तारखा वाचल्या आणि कागद माझ्या हातात दिला. "आता पाठवा सगळ्यांना," म्हणाल्या. मग पेन त्या मुलीला परत केलं, खडू उचलला आणि पाठ फिरवून शिकवायला लागल्या. मी दारात थोडा वेळ उभा राहिलो, पण त्यांनी पुन्हा वळून पाहिलं नाही.